सहा मिलिमीटर पुढे

किर्यात मलाखी,
१२ नोव्हेंबर १९९८

ती. योसेफदादांस,
मलकाचा शालोम आणि स. न. वि. वि.

तुमचं सणाचं कार्ड पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही माझं अर्धं ऐकता आणि उरलेलं मनानं भरता. चाळीस वर्षं दात कोरायचं मशीन कानाशी फिरवल्यावर दुसरं काय होणार! मागच्या खेपेला मी सांगितलं, की आमच्या रिनातची नर्सिंगची परीक्षा झाली, तर तुम्ही अख्ख्या ठाण्यात तिचा साखरपुडा झाल्याचं सांगून आलात. तेव्हा पत्रच बरं.

आजची बातमी मात्र हसण्यासारखी नाही. हे सुखरूप आहेत, कोणाला खरचटलंसुद्धा नाही, एवढं आधीच सांगते. आता बसून वाचा.

गेल्या महिन्यात एका रविवारी ह्यांच्याकडे तेल अविवहून एलातला जाणारी दुपारची बस होती. एकवीस वर्षं हे त्या रस्त्यावर आहेत. दिमोना मागं टाकून खाली उतरलं, की अरावाचा रस्ता लागतो, आखल्यासारखा सरळ, दोन्ही अंगांना वाळवंट. तिथं ह्यांचा डोळा लागला. किती वेळ, ते त्यांनाही ठाऊक नाही. उजवी चाकं डांबर सोडून खडीवर गेली, दगड खालून पत्र्यावर ताडताड वाजायला लागले. ह्यांच्या मागच्याच सीटवर एक सैनिक मुलगी होती. तिनं ह्यांचा खांदा धरून हलवला. ह्यांनी बस सावरली, कडेला घेतली आणि थांबवली. आत एक्केचाळीस माणसं होती.

पुढचं ऐका, दादा. निम्म्या लोकांना काय झालं ते कळलंही नव्हतं. टायर बसला म्हटलं असतं तरी चाललं असतं. हे उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की मला झोप लागली होती, ही बस मी आता पुढे नेणार नाही, एलातहून दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत थांबावं लागेल. लोक चिडले. एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, की आम्ही कोणी तोंड उघडणार नाही, कॉफी पी आणि चल. ह्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. दीड तास सगळे रस्त्याच्या कडेला उभे, आणि हेही त्यांच्यातच उभे. कोण काय बोललं ते सगळं ऐकून घेतलं.

डेपोचा मॅनेजर अमोस ह्यांचा जुना दोस्त. तो म्हणाला, की दोन दिवस घरी झोप काढ, कागदावर काही आणू नकोस. ह्यांनी स्वतःच कागद मागून घेतला, झालं तसं लिहिलं आणि सही केली. आता डॉक्टरांची समिती कारण शोधून बरं झाल्याचं म्हणेपर्यंत लायसन्स बंद. तोवर डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचं. छत्र्या, चष्मे, लष्करी टोप्या. परवा कोणाची तरी कवळी आली, तेव्हा तुमची आठवण काढली म्हणे.

खरं सांगते, पहिले चार दिवस मी भांडले. सगळं जग गप्प बसायला तयार असताना तुम्हांलाच काय पडली होती, असं विचारलं. ते म्हणाले, की पुन्हा झोप लागली तर?

ते दमतात असं आम्ही धरून चाललो होतो. वय छप्पन्न. पण दादा, आठ तास झोपून उठतात ते रात्रभर हमाली केल्यासारखे. डोकं दुखतं. जेवताना पेंगतात, प्रार्थनेत पेंगतात. घोरण्याचं तर काय, लग्नानंतर टेंभी नाक्याच्या घरी आलो होतो तेव्हा तुम्हीच भिंत वाजवली होती. तुम्ही डॉक्टर, दातांचे का होईना. काही सुचलं तर लिहा.

मझलवहिनींना शालोम. तुमचा जीव आमच्यावर आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
मलका

*

ठाणे,
१ डिसेंबर १९९८

चि. सौ. मलका हिस,
योसेफदादाचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मझलला मोठ्यानं वाचून दाखवलं. याकोवरावांनी किल्ली खिशात टाकली तिथं मी पत्र तिच्या हातात दिलं आणि पुढचं तिला वाचायला लावलं. माझ्या हातूनही धंद्यात चुका झाल्या. पण पेशंटसमोर उभं राहून ‘हे माझ्याकडून झालं’ असं मी किती वेळा म्हटलं, ते मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील. तू भांडलीस ते बायकोच्या नात्यानं ठीकच. आता भांडण मिटव आणि त्या माणसाला माझा सलाम सांग.

मला जे वाटतं ते लिहितो. घोरणं चालू असतं तोवर हवा आत जाते आहे. ते मध्येच थांबतं का, ते पाहा. उताणं झोपलेल्या माणसाचा खालचा जबडा मागं पडतो, त्याबरोबर जीभ मागं पडते आणि काहींचा घसा पार मिटतो. छाती भात्यासारखी हलते, पण श्वास आत येत नाही. मग मेंदू घाबरून त्याला अर्धवट जागं करतो, घसा उघडतो, माणूस मोठ्यानं श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. असा माणूस रात्रभर झोपत नाही, मलका, रात्रभर उठत असतो. मग त्यानं भर दुपारी सरळ रस्त्यावर डोळा मिटला, तर तो आळशी नाही आणि म्हातारा झालेला नाही. तो आजारी आहे, आणि हा आजार तपासता येतो.

शनिवारी दुपारी जेवून पडले, की रिनातला घड्याळ घेऊन शेजारी बसव. श्वास दहा सेकंदांहून जास्त थांबला, की एक धरायचा. शाबातच्या विश्रांतीच्या दिवशी लिहायचं नसेल तर दुसऱ्या कशानं मोजा. मग जो आकडा येईल तो घेऊन तुमच्या डॉक्टरकडे जा आणि झोपेची तपासणी मागा. तुमच्याकडे ती चांगली होते, असं मी वाचलं आहे.

आणि हो, भिंत मी वाजवली नव्हती. बाबांनी वाजवली होती. मी त्या रात्री गच्चीवर झोपायला गेलो होतो.

मुलीला गोड पापा. पत्राची वाट पाहतो, आणि पत्र येईपर्यंत कुरकुरतो, हे ध्यानात ठेव.

तुझा,
योसेफदादा

*

किर्यात मलाखी,
१० फेब्रुवारी १९९९

ती. दादांस,
मलकाचा शालोम आणि स. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. शनिवारी दुपारी रिनात वाटीभर शेंगदाणे घेऊन ह्यांच्या उशाशी बसली. श्वास थांबला, की एक शेंगदाणा दुसऱ्या वाटीत. आधी आम्ही दोघी हसत होतो. पंधरा झाले तेव्हा हसणं बंद झालं. तासाभरानं दुसऱ्या वाटीत एकोणतीस होते. रिनात मला हिब्रूत म्हणाली, की आई, इतकी वर्षं आपण शेजारच्या खोलीत होतो. ती आता नर्स आहे, म्हणून तिला जास्त लागलं.

मग तपासणी झाली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून एक रात्र हॉस्पिटलात झोपवलं. तासाला चौतीस वेळा श्वास बंद, आणि सगळ्यांत लांब थांबला तो बावन्न सेकंद. तुम्ही घरी बसून जे ओळखलंत, तेच निघालं. इथल्या डॉक्टरांना मी सांगितलं, की माझ्या भावानं ठाण्याहून आधीच कळवलं होतं. त्यांनी विचारलं, की ते झोपेचे तज्ज्ञ आहेत का? मी म्हटलं, नाही, दात काढतात.

त्यांनी एक मशीन दिलं. नाकावर मास्क, डोक्यामागून पट्टे, नळीतून हवा. याच्यासारखा पक्का इलाज नाही म्हणाले, आणि खरंच, ज्या रात्री तीन-चार तास लावला त्या सकाळी ह्यांचं डोकं दुखलं नाही. पण रोज झोपेत ओरबाडून काढायचे. अकरा दिवसांनी मशीन कपाटात गेलं. मी रागावले, समजावलं, रडलेसुद्धा. इलाज नाही तर लायसन्स नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी नाही म्हणजे नाही.

तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तेल अविवच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं, डॉ. मिखाल. त्या वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारी एक जोडप्लेट करतात. ती खालचा जबडा पुढं धरून ठेवते, म्हणजे जीभ मागं पडत नाही आणि घसा उघडा राहतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की तुमचा आकडा मोठा आहे, एवढ्यानं भागेल याची खात्री नाही. पण कपाटातल्या मशीनपेक्षा तोंडातली प्लेट बरी.

मिखालबाई पस्तिशीच्या असतील. हात लहान, बोलणं हळू. त्यांनी आधी तोंड उघडायला सांगितलंच नाही. मास्क का नको, एवढंच विचारलं. हातमोजे न घालता, स्टूल ओढून बसल्या. आणि मग हे बोलले.

तुम्हांला आठवत असेल, एक्क्याण्णवच्या आखाती लढाईत, इराकची क्षेपणास्त्रं इथं पडत होती तेव्हा, हे रामल्याला सासूबाईंजवळ राहत होते, कारण त्यांना दम्याचा त्रास आणि त्या एकट्या. भोंगा वाजला, की खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलेल्या खोलीत शिरायचं आणि गॅसमास्क चढवायचे. एकदा सासूबाईंना मास्कमध्ये घुसमटायला लागलं. त्या काढायला बघत होत्या. रेडिओ सांगत होता, की काढू नका. ह्यांनी त्यांचे दोन्ही हात धरून मास्क तोंडावर दाबून ठेवला. अर्धा तास. धोका टळल्याचा भोंगा वाजल्यावर काढला, तर त्या ह्यांच्याकडे बघेनात. दोन दिवस बोलल्या नाहीत. पुढं वल्हांडणाच्या सणाआधी त्या गेल्या, हार्टनं गेल्या, पण ह्यांच्या मनात ते दोन दिवस तसेच राहिले. त्याला आठ वर्षं झाली. रोज शेजारी झोपते मी दादा, आणि हे मला त्या दवाखान्यात कळलं. मी ज्याला हट्ट म्हणत होते, तो हट्ट नव्हता.

बाईंनी सहानुभूतीचं काही म्हटलं नाही. दातांचं माप घ्यायचा ट्रे मऊ लगद्यानं भरला आणि त्याचा दांडा ह्यांच्याच हातात दिला. म्हणाल्या, की तुम्हीच आत घाला, तुम्हीच दाबून धरा, आणि नको वाटलं की तुम्हीच काढा, मी तुमच्या तोंडाला हात लावणार नाही. ह्यांनी डोळे मिटून पूर्ण चार मिनिटं धरला. मी इतकी वर्षं दवाखाने पाहिले, असं कोणी केलेलं पाहिलं नाही.

एक अडचण आहे. प्लेटला धरायला दात लागतात, आणि ह्यांच्या खालच्या डाव्या दोन दाढा आणि उजवी एक नाही. ह्या कोणी काढल्या, असं बाईंनी विचारलं. मी खरं ते सांगितलं.

वहिनींची पाठ कशी आहे? दोघांनी आमच्यासाठी दोन शब्द प्रार्थनेत घाला, आणि माया पातळ करू नका.

तुमची,
मलका

*

ठाणे,
२ मार्च १९९९

चि. सौ. मलका हिस,
योसेफदादाचे अ. आ. वि. वि.

रामल्याची हकीकत वाचली. याकोवरावांना एवढंच सांग, की रेडिओवर जे सांगत होते ते त्यांनी केलं, आणि मीही तेच केलं असतं.

आता दाढांचं. काढल्या मीच. एकोणीसशे एकोणसत्तर साली, तुमचं विमान चार दिवसांवर होतं. याकोवराव चेंदणीच्या दवाखान्यात आले आणि म्हणाले, की परक्या देशात दाढ दुखायला नको, ज्या शंकेच्या असतील त्या काढून टाका. एक काढायला हवीच होती. बाकीच्या दोन वाचवता आल्या असत्या. तीन-चार वेळा बोलवावं लागलं असतं, आणि माझ्याकडे तेवढे दिवस नव्हते, म्हणून मी चिमटा उचलला. त्या वेळी वाटलं, मेहुण्याचं काम झटपट केलं. आज तीस वर्षांनी त्या दोन दाढांची गरज पडली आहे आणि त्या मी ठाण्याच्या गटारात टाकल्या आहेत. हे सगळं डॉ. मिखाल यांना इंग्रजीत लिहून सोबत पाठवतो आहे, त्यांना द्यायला विसरू नकोस. मुळं कशी होती, हाड कुठं पातळ लागलं, आठवतं तेवढं लिहिलं आहे.

त्यांना दोन प्रश्नही विचारले आहेत. जबडा रोज सात-आठ तास पुढं ओढून ठेवला, तर कानाजवळच्या सांध्याचं काय? आणि पुढच्या दातांवर ओढ येऊन ते हलायला लागले तर? मला भांडायचं नाही. पण चाळीस वर्षं मी जबडा म्हणजे चावायचं यंत्र समजत आलो. त्याच्यावर श्वास टांगलेला असतो, हे पुस्तकात वाचलं असेल, पण माझ्या हाताला कधी कळलं नाही. त्या मुलीला कळलं. ट्रेचा दांडा पेशंटच्या हातात द्यायचं तर मला या जन्मात सुचलं नसतं. मी खुर्चीतल्या माणसाला हलू नको म्हणून दटावणारा डॉक्टर.

मझलची पाठ तिच्या स्वभावासारखी, वाकत नाही. काळजी घ्या, आणि या थकल्या भावाला विसरू नका.

तुझा,
योसेफदादा

*

किर्यात मलाखी,
२४ जून १९९९

ती. दादांस,
मलकाचा शालोम आणि स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिखालबाईंनी माझ्यासमोर वाचलं, दोनदा. मग म्हणाल्या, की तुमच्या भावाला कळवा, दाढा सफाईनं काढल्या आहेत, हाड छान भरलं आहे, आणि तीस वर्षांनी अशी कबुली देणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. सांध्याची भीती खरी आहे म्हणाल्या. म्हणून जबडा एकदम ओढायचा नाही. प्लेटला बारीक स्क्रू असतो, तो छोट्या किल्लीनं थोडा थोडा फिरवायचा. सकाळी प्लेट काढल्यावर एक चपटा तुकडा चावून दात पुन्हा जागेवर आणायचे. दातांची ओढ त्या दर महिन्याला मोजतात.

हे सगळं बाईंना कसं ठाऊक, तर त्यांनी तशी प्लेट स्वतःसाठी करून महिनाभर तोंडात घालून पाहिली होती. त्या घोरत नाहीत. पेशंटला कुठं दुखेल ते कळावं म्हणून.

पहिली प्लेट फसली. खाली धरायला दात कमी, म्हणून जिभेचा धक्का लागला की खालची बाजू निघायची. चार दिवसांत तीनदा उशीवर सापडली. बाईंनी ती ठेवून घेतली, पुन्हा माप घेतलं आणि दाढा नसलेल्या जागी हिरडीवर टेकणारी, उरलेल्या दातांना कड्यांनी धरणारी दुसरी केली. ती बसली. पहिले पंधरा दिवस उशी लाळेनं ओली, जबडा अवघडलेला, सकाळी भाकरी चावता येईना. प्लेट घालून बोलले, की समजायचं नाही. मी म्हटलं, नवरा असा हवा. रिनातनं त्यांचा तसाच फोटो काढला आहे, पाठवू का विचारते.

हे मात्र एक दिवस चुकले नाहीत. दर तिसऱ्या दिवशी स्क्रूला एक फेरा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक रेघ. चार मिलिमीटरपर्यंत आले. मीच दादा, पेंगणं कमी झालेलं पाहत होते. जेवून ताट उचलून ठेवायला लागले. सिनेगॉगमध्ये शेवटपर्यंत जागे राहिले, तर याकोव आजारी आहे का, असं कोणी तरी मला विचारलं.

मे महिन्यात पुन्हा तपासणी झाली, प्लेट घालून. तेरा. चौतिसावरून तेरा. आम्ही खूश. पण समितीचे डॉक्टर म्हणाले, की माणसांनी भरलेली बस द्यायला तेरा चालणार नाही. हे घरी आले, प्लेटची डबी टेबलावर ठेवली आणि बसले. मिखालबाईंची पुढची वेळ होती तिला गेलेच नाहीत. म्हणाले, की त्या बाईला तोंड काय दाखवू, तिनं सगळं केलं आणि मी कमी पडलो.

बाईंनी घरी फोन केला. मी रिसीव्हर ह्यांच्या कानाला लावला. नंतर ह्यांनी सांगितलं, की ती रागावली. म्हणाली, की तुमच्या जबड्यात अजून दोन मिलिमीटर शिल्लक आहेत आणि तुम्ही घरी बसला आहात! उताणं झोपू नका, दहा किलो वजन उतरवा आणि सोमवारी इथं या. हे सोमवारी गेले.

आता रोज संध्याकाळी चालतात, मीही चालते. मलाच आधी धाप लागते. ओळखीच्या एक बाई ठाण्याला निघाल्या आहेत, त्यांच्याबरोबर मिखालबाईंनी तुमच्यासाठी एक पुडकं दिलं आहे. सांभाळून उघडा. वहिनींना नमस्कार. आमच्यावरची माया तिकडे पेटीत ठेवू नका, इकडे धाडत जा.

तुमची,
मलका

*

ठाणे,
१९ जुलै १९९९

चि. सौ. मलका हिस,
योसेफदादाचे अ. आ. वि. वि.

काल तुझ्या ओळखीच्या बाई आल्या आणि पिशवीतून तुझ्या नवऱ्याचे दात काढून टेबलावर ठेवले. मझल ओरडलीच. याकोवरावांच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे आणि त्यांच्यावर ती पहिली, फसलेली प्लेट. शिवाय दुसरीच्या, हातानं काढलेल्या आकृत्यांचे दोन कागद. बाईंनी फसलेलं काम मला पाठवलं, यातच त्यांची योग्यता कळली. मी माझी फसलेली कामं कोणाला दाखवली नाहीत.

सकाळपासून ते पुढ्यात घेऊन बसलो आहे. मी काढलेल्या दाढांच्या जागा बोटानं चाचपल्या. खालचा उजवा सुळा मला जरा कलता वाटला. याच्यावर भार येऊ देऊ नका, अशी सूचना लिहायला घेतली आणि अर्धं वाक्य लिहून झाल्यावर आकृती पाहिली, तर त्या सुळ्याला त्यांनी आधीच मोकळं सोडलं होतं आणि भार शेजारच्या दोन दातांवर वाटून टाकला होता. कागद फाडला. माझ्या हातून असं काम झालं नसतं, हे लिहिताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण उलट बरं वाटतं आहे. आपल्या धंद्यात आपल्यापेक्षा चांगलं कोणी तरी आहे, हे या वयात कळणं नशिबाचं.

याकोवरावांना सांग, की तेरा हा त्यांचा दोष नाही. घसा कोणाचा किती अरुंद, ते देव ठरवतो. त्यांचं काम रोज प्लेट घालायचं, आणि ते त्यांनी चोख केलं आहे. त्या फोटोची प्रत पाठवच. मी दवाखान्यात लावीन. नाव लिहिणार नाही.

सर्वांना आशीर्वाद. आठवण ठेवता तशीच ठेवत राहा, आमचं त्यावरच चाललं आहे.

तुझा,
योसेफदादा

*

किर्यात मलाखी,
१६ फेब्रुवारी २०००

ती. योसेफदादा यांस,
याकोवचा शालोम, स. न. वि. वि.

इतक्या वर्षांत मी आपल्याला पत्र लिहिलं नाही. मलका लिहिते, मी खाली सही करतो, असंच चाललं. माझं मराठी लिहिणं गंजलं आहे, चुका सुधारून घ्या. पण हे पत्र मीच लिहायचं, असं मी तिला सांगितलं आहे.

सहा मिलिमीटरवर थांबलो. अकरा किलो उतरलो. ऑक्टोबरात तपासणी झाली, तासाला पाच. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला आणि मग मला दाखवला. मी त्यांना धन्यवाद द्यायला वाक्य जुळवत होतो, तोवर त्यांनी खुर्ची मागं केली आणि तोंड उघडा म्हणाल्या, कडी एका जागी सैल झाली होती. समितीत तीन डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, की रस्त्यावर त्या दिवशी काय झालं? मी म्हटलं, मी लिहून दिलं आहे तेच झालं. त्यातले वयस्कर होते ते म्हणाले, की तेवढा एक कागद नसता, तर आम्ही तुमच्या बाकीच्या कागदांवर इतका विश्वास ठेवला नसता. तीन महिने गावातल्या गावात बस चालवायची, दर वर्षी तपासणी, आणि प्लेट एक दिवसही सोडायची नाही, असं ठरलं. हरवलेल्या वस्तूंची खिडकी मी दुसऱ्याला सोपवली.

आपण दाढांबद्दल मनाला लावून घेतलंत, असं मलकानं सांगितलं. दादा, तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतंत, की यातल्या दोन वाचतील. मीच म्हटलं, काढा. तुम्ही ते विसरलात, मी विसरलो नाही. त्या दोन दाढा माझ्या नावावर लिहा.

तीन महिने संपले आणि गेल्या रविवारी मला एलातची दुपारची बस मिळाली. मलका म्हणाली, मी येणार. माझ्या मागच्याच सीटवर बसली, थर्मास घेऊन. माझ्यावर लक्ष ठेवायला, असं तिनं अमोसला सांगितलं होतं. बेर शेवापर्यंत ती दर दहा मिनिटांनी माझं नाव घ्यायची, मी हं म्हणायचो. वर्षभर ती नीट झोपलेली नाही. मला श्वास येत होता, पण ती तो ऐकत जागी राहायची, हे रिनातनं मला सांगितलं. मला तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

दिमोनानंतर हाक आली नाही. खाली उतरून अरावाच्या सरळ रस्त्याला लागलो. माझे तळहात घामानं ओले झाले होते, खोटं कशाला सांगू. पण डोळे लख्ख उघडे होते. दूरचे डोंगर गुलाबी दिसत होते. एकवीस वर्षं त्या रस्त्यानं गेलो, त्यांच्यावर एवढे रंग असतात हे मला ठाऊक नव्हतं. बसमध्ये आवाज येईना, म्हणून मी आरशात पाहिलं. बस पूर्ण भरली होती आणि सगळे झोपले होते. शाळेच्या पोरी एकमेकींच्या खांद्यावर. एक बाप, त्याच्या छातीवर लहान बाळ. दोन सैनिक, बंदुका मांडीवर, माना खाली. आणि पहिल्या सीटवर आपली बहीण, थर्मास कुशीत धरून, तोंड उघडं. घोरत होती, दादा. हे तिला सांगू नका.

एवढी माणसं इतकी निर्धास्त झोपली होती, कारण कोणी तरी जागं आहे असं ती धरून चालली होती. आणि या वेळी ते खरं होतं. मी जागा होतो. मी आरसा सरळ केला, वेग थोडा कमी केला, आणि एलात येईपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

वहिनींना शालोम. आपल्या घरात माझ्यासाठी जागा आहे, ती तशीच असू द्यावी.

आपला,
याकोव